पर्यायी व्यक्ती

"घार्गेसाहेब, तुमच्या गावात त्सुनामी कुठून येणार?"

रेहाना मुजावर मॅडमनी आवाज चढवला नव्हता. नुसतं विचारलं होतं. मी उगाच खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर आमचा माळ, माळावर कुसळं, आणि कुसळांत चरणाऱ्या चार शेळ्या. समुद्र बघायला आमच्या गावची माणसं सहलीला जातात.

"येऊ शकते," मी म्हणालो. "अलीकडं निसर्गाचं काही खरं नाही."

त्या हसल्या. मग मीही हसलो, कारण लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. आमची दूध संस्था म्हणजे तीनशे घरांचं दूध, एक शीतखोली, आणि मी सेक्रेटरी. त्या वर्षी पहिल्यांदाच पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं दसऱ्यासाठी आमचं श्रीखंड घ्यायचं ठरवलं होतं. दोन टन. दसरा नीट पार पडला तर वर्षभराचा करार. पण त्यांची एक अट होती. आपत्ती आली तरी माल थांबणार नाही, अशी लेखी योजना पाहिजे; ती तपासायलाच कंपनीनं मुजावर मॅडमना पाठवलं होतं. आता योजना म्हणजे काय ते कुणाला ठाऊक! माझा एक मेव्हणा कोकणात मासळीच्या कारखान्यात होता. त्याची फाईल मागवली, 'मासळी' खोडून 'दूध' केलं आणि ठोकून दिली. एका पानावर 'कोळंबी सोलताना' तसंच राहिलं होतं, ते बाईंना अजून दिसायचं होतं.

"त्सुनामी सोडू," मॅडम म्हणाल्या. "लाईट गेली तर शीतखोली किती वेळ थंड राहते?"

"दार उघडलं नाही तर चार तास. पण जनरेटर आहे की. पंधरा मिनिटांत चालू."

"कोण करतं चालू?"

"मी सांगतो, आमचा ऑपरेटर सर्जेराव करतो."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी असतोच."

त्यांनी फाईल माझ्याकडं फिरवली. शेवटच्या पानावर तक्ता होता. लाईट गेली, पाणी तुटलं, गाडी आली नाही, कामगार आजारी पडले, अशा अकरा ओळी. पहिल्या रकान्यात 'जबाबदार व्यक्ती', दुसऱ्यात 'पर्यायी व्यक्ती'. अकराच्या अकरा ओळींत दोन्ही रकान्यांत मी एकच नाव लिहिलं होतं. सदाशिव विठोबा घार्गे.

"तुमच्या जागी तुम्हीच?"

"मॅडम, अकरा वर्षं झाली. ही संस्था मी उभी केली. इथं माझ्याशिवाय पान हलत नाही."

मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तेच तर भीतीचं आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या रकान्यात दुसरं नाव आल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि माझी सही नसेल तर दसऱ्याची गाडी येणार नाही."

दसरा नऊ दिवसांवर होता. चक्का बांधायला घेतलेला. आता गाडी आली नाही तर दोन टन श्रीखंड काय मी अंगाला लावू?

तेवढ्यात शेवंताबाई बागल फडकं घेऊन आत आली. कॅन धुणं, फरशी पुसणं, चक्क्याची फडकी पिळणं ही तिची कामं. चाळिशीची बाई, तोंडानं फटकळ.

"पाय वर घ्या, सायेब."

मी पाय वर घेतले आणि लिहिलं. पर्यायी व्यक्ती : शेवंता बागल. अकरा वेळा.

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "यांना कल्पना आहे?"

"देतो की."

"आणि हा कागद सगळ्यांना दिसेल असा लावा."

मी लावला. ऑफिसच्या दाराच्या मागं. दार उघडलं की कागद झाकला जायचा, आणि आमचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. शेवंताला मी चकार शब्द बोललो नाही. मॅडमची सही झाली होती, गाडी येणार होती, झालं तर मग!

आठ दिवस धावपळीत गेले. नवमीच्या पहाटे शेवटचा डबा भरून शीतखोलीत गेला. गाडी संध्याकाळी सहाला येणार होती. ड्रायव्हर डब्यात थर्मामीटर घालून बघणार, आठ अंशांच्या वर गेला तर गाडी रिकामी परत नेणार, अशी त्यांची पद्धत होती.

नवमी म्हणजे खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी यंत्रांची पूजा जोरात असते. दूध काही थांबवता येत नाही, म्हणून शीतखोलीचा कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, बाकी सगळ्याला विश्रांती. सर्जेरावनं जनरेटर धुऊन लखलखीत केला होता. धुताना बॅटरीच्या वायरी सोडवलेल्या. शेडमध्ये देवीच्या फोटोपुढं पाट मांडला. पाटावर जनरेटरची किल्ली, पाने, पक्कड, थर्मामीटर. मी स्वतः हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ ठेवला.

"हे बघा," मी सगळ्यांना बजावलं, "उद्या दसऱ्याला मी येऊन पूजा हलवीन. तोवर पाटावरच्या एकाही वस्तूला कुणी हात लावायचा नाही. हात लावला तर गाठ माझ्याशी आहे."

"व्हय जी," सर्जेराव म्हणाला. सर्जेराव अंगानं पैलवान आणि मनानं ससा.

मग मी ऑफिसला कुलूप ठोकलं आणि बायकोला घेऊन कुलदेवीला निघालो. वर्षात तेवढी एकच रजा मी घेत असे. डोंगरावरची देवी, तीनशे पायऱ्या. दुपारी दोनपर्यंत परत यायचा हिशेब होता.

दर्शन झालं, ओटी भरली. उतरताना एका पायरीवर शेवाळ होतं. माझा पाय गेला आणि मी चार पायऱ्या बसूनच उतरलो.

"देवीसमोर हात जोडून डेअरीचा विचार करत होता ना?" वत्सला म्हणाली. "तिला कळतं."

"अगं, पाय बघ आधी!"

घोटा बघता बघता टम्म सुजला. तिच्या खांद्यावर हात टाकून खाली यायला दीड तास लागला. पायथ्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं पट्टी बांधली. तिथंच बाकावर आमच्या शिवारापलीकडचा एक ओळखीचा माणूस बसला होता.

"शेक्रेटरी, तुम्ही हितं?" तो म्हणाला. "तुमच्याकडची लाईट गेलीया न्हवं! साडेधाला डीपी जळाला. मोठा बार झाला. आता काय दोन दिस तरी लाईट येत न्हाई बघा."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पावणेदोन. साडेदहा अधिक चार, अडीच.

तेव्हा आमच्या गावात तिघांकडंच मोबाईल होते. त्यातला एक माझा, आणि त्याला त्या खबदाडात रेंज नाही. लंगडत एसटीडी बूथ गाठला आणि डेअरीचा फोन लावला. घंटी वाजली, वाजत राहिली, बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. सात वेळा लावला.

"कुणी उचलत नाही," मी म्हणालो.

"कामात असतील," वत्सला म्हणाली.

"कसलं काम? बसले असतील हात जोडून! किल्ली पूजेत आहे. पाना पूजेत आहे. मीच सांगून आलोय, हात लावाल तर गाठ माझ्याशी. सर्जेराव मरेल पण हात लावणार नाही."

वत्सलानं माझा हात धरला आणि वडापच्या जीपपर्यंत नेलं.

आता वडाप म्हणजे कसं, दहा माणसं भरल्याशिवाय ते हलत नाही. आम्ही धरून चौघं होतो. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता.

"अहो, निघा की!" मी ओरडलो. "माझं दोन टन श्रीखंड नासतंय!"

"आमचं काय म्हननं हाय, नासू द्या म्हून?" तो शांतपणे म्हणाला. "शीटं भरली की निघू."

अडीच वाजले. मी घड्याळाकडं बघायचं सोडून दिलं. तीनशे घरांचं दूध होतं ते. आमच्या बायका पहाटे चारला उठून धारा काढतात, ते दूध. सहाला पुण्याची गाडी येणार, थर्मामीटर घालणार आणि रिकामी जाणार. मग कुठला करार आणि कुठली डेअरी. गावात लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पाठीमागं म्हणतील, घार्ग्यानं देवाच्या नादात दूध घालवलं. आणि ते खरंच असणार होतं. अकरा वर्षांत मी एकाही माणसाला माझ्या हुकमाशिवाय स्विचला हात लावू दिला नव्हता. रडू यायचंच बाकी होतं, आणि खरं सांगतो, थोडं आलंही. वत्सलानं पदर पुढं केला.

सव्वातीनला जीप भरली. पाचला फाट्यावर उतरलो. फाट्यापासून डेअरी अर्धा कोस. एका बैलगाडीवाल्यानं बसवून घेतलं. ओढ्याचं वळण आलं आणि मी गाडीवानाचा खांदा धरला.

"थांब. बैलं थांबव."

घुंगरं थांबली. लांबून, माळावरून, आवाज येत होता. धडधड, धडधड, धडधड. आमचा जनरेटर. आंधळ्याला ऐकवला तरी ओळखीन मी तो आवाज... म्हणजे, मी आंधळा असतो तरी ओळखला असता. त्या वेळीही माझं बोलणं असंच उलटंसुलटं होत होतं. वत्सला हसायला लागली आणि मीही रडत रडत हसायला लागलो. गाडीवानाला वाटलं, डोंगरावर डोक्याला मार लागला असावा.

डेअरीच्या आवारात चार ट्रॅक्टर उभे होते. पुण्याची गाडी तासभर आधीच येऊन मागच्या दाराला लागलेली. ड्रायव्हर थर्मामीटर पुसत होता.

"किती?" मी बैलगाडीतूनच ओरडलो.

"पाच पूर्णांक दोन," तो म्हणाला. "एकदम बरोबर आहे साहेब, भरून घेतोय."

मी तिथंच चाकाला टेकून बसलो. आवारात माणसं नुसती येत-जात होती आणि मला कुणी विचारत नव्हतं. सर्जेराव डबे उचलत होता. मला बघून त्याच्या हातातला डबा पडता पडता राहिला.

"सायेब, म्या हात न्हाई लावला!" तो दुरूनच म्हणाला. "आईशप्पथ! म्या नुसतं त्वांडानं सांगत हुतो!"

"काय सांगत होतास?"

"ह्यो पाना घे, ती वायर आवळ, लाल वायर लालला. हात पाठीमागं बांधूनच हुबा हुतो."

"कुणाला सांगत होतास?"

शेवंताबाई शेडमधून बाहेर आली. कोपरापर्यंत काळं तेल, कपाळावर कुंकवाच्या शेजारी तेलाचाच एक पट्टा. किल्ली पदराला बांधलेली.

"मला," ती म्हणाली. "पाय काय झाला ओ?"

"पाय राहू दे. पूजेतली किल्ली कुणी उचलली?"

"म्या."

"कुणाला विचारून?"

"देवीला. आधी अक्षता टाकल्या, मग पाट हलीवला. म्हनलं, बाई, उद्या घरोघरी तुझ्याच निवदाचं शिरखंड हाय हे. नासलं तर तू काय खाशील? ती काय बोलली न्हाई. म्हनलं, मंजी चालतंय." तिनं हात फडक्याला पुसले. "देवीचं भ्या कुनालाच नव्हतं सायेब. भ्या तुमचं हुतं. ह्यो सर्जा तर थरथरत हुता."

"फोन का नाही उचलला? सात वेळा केला मी!"

"ऐकू येत हुता की, आख्ख्या आवाराला. पर हापिसाला कुलूप. किल्ली तुमच्याच खिशात असंल बघा."

मी खिसा चाचपला. होती. वत्सला तोंडाला पदर लावून दुसरीकडं बघायला लागली.

मग एकेक कळत गेलं. डीपीचा बार झाल्या झाल्या शेवंतानं शीतखोलीच्या दाराला बाहेरून गोणपाटं बांधली आणि दारात स्टूल टाकून ठेवलं, कुणी उघडू नये म्हणून. साडेअकराला जनरेटर चालू केला. पहिल्यांदा चालूच होईना, सर्जेरावनं तोंडानं चार उपाय सांगितले, तिसऱ्याला तो धडधडला. डिझेल दुपारपर्यंतचंच होतं. तिनं देवळाच्या बॅटरीवरच्या भोंग्यावरून सांगितलं, ज्याच्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल असेल त्यानं एकेक डबा आणा, आणि संध्याकाळच्या धारा तासभर उशिरा काढा. आपली डेअरी म्हटल्यावर माणसं आली. भोंग्यावरून बोलायची कल्पना माझ्या त्सुनामीच्या फाईलमध्ये कुठंच नव्हती.

"शेवंताबाई," मी म्हणालो, "तुला जनरेटरचं कधीपासून कळतं?"

"आठ दिसापासनं."

"आठ दिवस?"

"मंग! हापिसाचं दार रोज म्या झाडते. दाराच्या मागं बी झाडते. आठ दिसामागं बघितलं तर कागुद. माझं नाव, ते बी अकरा डाव. प्रौढ शिक्षनात वाचाय शिकले न्हवं का म्या. येक येक वळ लावून वाचली. म्हनलं, लाईट गेली तर, पर्यायी व्यक्ती, शेवंता बागल. मला घामच फुटला." ती हसली. "म्हनलं, सायेबांनी इस्वासानं नाव घातलंय, आन आपल्याला तर काईच येत न्हाई. मग सर्जा जनरेटर धुवाय लागला की म्या कडंला बसायची. ह्ये काय, त्ये काय. लई डोकं खाल्लं त्येचं."

"लई," सर्जेराव म्हणाला.

"तुम्हाला इचारनार हुते, पर म्हनलं, काय माहीत न्हाई म्हनून कळलं तर नाव खोडतील."

समोर पुण्याची गाडी भरत होती. संध्याकाळच्या दुधाचे पहिले कॅन यायला लागले होते आणि शेवंता बोलता बोलता त्यांच्याकडं बघून बोटानं जागा दाखवत होती.

"सायेब, येक इचारू?" ती म्हणाली. "येवढी मानसं हायत हितं. शिकल्याली बी हायत. माजंच नाव का घातलं?"

मी थाप मारू शकलो असतो. अकरा वर्षं सेक्रेटरी होतो, थापा मला नवीन नव्हत्या. तुझी हुशारी मी कधीच हेरली होती, असं म्हटलं असतं तर तिनं ते आयुष्यभर जपून ठेवलं असतं. वत्सला माझ्याकडं बघत होती. पण ज्या बाईनं आठ दिवस एक कागद खरा धरून माझी लाज राखली, तिच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना.

"विचार केला नव्हता," मी म्हणालो. "मॅडमना दुसरं नाव पाहिजे होतं, मला गाडीची घाई. तू फरशी पुसायला आलीस. समोर दिसलीस, लिहिलं."

जनरेटर धडधडत होता. शेवंतानं पदराच्या गाठीला हात घातला. मला वाटलं, आता ही किल्ली सोडून माझ्या अंगावर फेकते.

"असंल," ती म्हणाली. "पर म्या केला की इचार. आठ दिस केला."

आणि वळून ओरडली, "ए गंगू, तो कॅन उन्हात न्हाई ठेवायचा! किती डाव सांगू!"

गाडी सहाला निघाली. ड्रायव्हरनं सहीसाठी कागद पुढं केला, सवयीनं मी हात पुढं केला आणि मागं घेतला. शेवंताला दाखवला. तिनं मांडीवर कागद ठेवून, एकेक अक्षर दाबून, नाव लिहिलं. करार पुढं महिन्याभरात झाला. मुजावर मॅडम स्वतः आल्या होत्या, तेव्हा त्यांनी आधी शेडमध्ये जाऊन शेवंताशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि मग माझ्याकडं आल्या. कोळंबीचं पानही त्यांना सापडलं होतं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी डेअरीतच बसायचं ठरवलं होतं. जनरेटर चालू, लाईटचा पत्ता नाही, दूध यायचं चालू. मी कसा जाणार?

"जावा आता घरी," शेवंता म्हणाली. "पायाचा भोपळा झालाय. हितं लंगडत फिरून आमच्याच पायात येताय."

"पण रात्रभर..."

"सर्जा हाय, म्या हाय. डिझेल हाय. जावा म्हंते ना!"

गेलो. वत्सलानं गरम भाकरी वाढली, पाय उशीवर ठेवला. खाटेवर पडलो तेव्हा वाटलं होतं, नेहमीसारखं दर तासाला उठून अंगणात यायचं आणि माळाकडं कान लावायचा. डोळा लागला तो थेट उन्हं अंगावर आल्यावरच उघडला. दारात झेंडूचं तोरण लागलं होतं. वत्सला आपट्याची पानं निवडत बसली होती.

मी धडपडून उठलो. "अगं, पुण्याहून फोन आला का? माल पोचला का?"

"आला असेल डेअरीवर," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही चहा घ्या. तिथं माणूस आहे."